ओल्या विणीची खुर्ची

वेतवाल्याच्या घरात जेवायच्या मेजाभोवती चार खुर्च्या, आणि त्यातल्या चौथीची बैठक अकरा वर्षं फाटलेली. अकरा वर्षं! आणि याचा धंदा काय, तर लोकांच्या खुर्च्यांना वेत विणून देणं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बैठक फाटली त्या दिवशी बायको हसली होती, म्हणाली, चला, माझं वजन तरी कळलं तुम्हाला. तो म्हणाला, नाताळ उरकला की विणून देतो. कुठला नाताळ, ते सांगायचं तेवढं राहून गेलं.

बरं, माणूस आळशी म्हणावा तर तसंही नाही. डिसेंबर लागला की घरोघरी पाहुणे येणार, आणि पाहुणे येणार म्हटलं की लोकांना आपल्या मोडक्या खुर्च्या दिसायला लागतात. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. सकाळी तो वेताच्या पट्ट्या टबात भिजत घालायचा आणि दिवस मावळेपर्यंत चौकटीच्या भोकाभोकातून ओवत बसायचा. आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या. बोटांना चिरा पडायच्या. खुर्ची न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवायचा, ‘ओली आहे, आज बसू नका, उद्या बसा.’ वीण वाळली की आवळून घट्ट होते, पण ओलीवर कुणी बसलं तर तिची कायमची झोळी होते.

जेवायला चौथं माणूस असलं की बायको मेजाशी तिपाईवर बसायची. तिपाईला कुठली आलीये पाठ? जेवण होईतो तिचा एक हात कमरेवर गेलेला असायचा. तक्रार नाही, टोमणे मात्र भरपूर. येशू दोन बहिणींच्या घरी गेला, एक त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि दुसरी कामातच राबत राहिली, ही गोष्ट चर्चमध्ये वाचली गेली की घरी येताना ती म्हणायची, आपल्याकडे येशू आला ना, तर हे त्याला बसा म्हणायचे नाहीत, त्याच्या खुर्चीची वीण तपासत राहतील. यावर सुतार पोट धरधरून हसायचा. सुतार म्हणजे वेतवाल्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. शेजारच्याच गाळ्यात खुर्च्यांच्या चौकटी करायचा. सडाफटिंग माणूस, नाताळचं जेवण त्याचं ह्यांच्याकडेच ठरलेलं.

गेल्या वर्षी बायकोला धाप लागायला लागली. नाताळच्या आदल्या दुपारी शेवटची गिऱ्हाइकं गेली, टबात चार पट्ट्या उरल्या होत्या, आणि देव जाणे कसं, वेतवाल्याला घरची खुर्ची आठवली. ती दुकानात आणून त्याने जीव ओतून विणली. दिवेलागणीला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. बायको विणीवरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. ते बघून याला इतकी लाज वाटली की तो उगाच बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर सगळे जेवायला बसले. तो, नाताळसाठी घरी आलेली मुलगी आणि सुतार. बायकोने शेवटचं भांडं मेजावर ठेवलं, नव्या बैठकीच्या खुर्चीची पाठ धरली आणि विचारलं, ‘बसू का?’

आणि या गाढवाच्या तोंडून सवयीने काय निघावं?

‘ओली आहे गं. उद्या बस.’

सगळे हसले. तीही हसली. पायाने तिपाई ओढली आणि बसली. मग त्याने प्रार्थना केली, प्रभू, आज आम्हा सगळ्यांना एका मेजाभोवती बसवलंस, तुझे उपकार मानतो. आमेन.

सव्वीस तारखेला सकाळी ती उठलीच नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, बसायला जागा पुरेना, पण त्या खुर्चीवर त्याने कुणाला बसू दिलं नाही. भिंतीत मोठा खिळा ठोकून ती वर टांगून टाकली. वर्षभर तशीच. वीण वाळून अशी काही घट्ट झाली होती की बोट मारलं तर टणकन वाजावं.

यंदा डिसेंबरात त्याने मिळेल ते काम घेतलं. मुलीला कळवून टाकलं, नाताळला येऊ नकोस, मला सवड नाही. ती आईवर गेलेली, ऐकतेय कसली! आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली. हा नाताळच्या सकाळी चर्चलाही गेला नाही, तडक दुकानात येऊन वेत भिजत घालून बसला.

दुपारी सुतार आला. चर्चचे कपडे अंगावर, केस पाणी लावून बसवलेले. खाली भुशातच बसला. म्हणाला, पोर ताटं मांडून थांबली आहे, चल. वेतवाला म्हणाला, पट्ट्या भिजल्यात, आता सोडता येत नाहीत. सुताराने टब हाताने बाजूला सारला.

‘वेत्या, तुला वाटतं तू एकट्यानेच केलंस ते,’ तो म्हणाला. ‘त्या दिवशी तीन धड खुर्च्या होत्या आणि आपण तिघं बसलो होतो. वहिनी तिपाईवर. एकाला तरी उठावंसं वाटलं? मी तर दुसऱ्यांदा वाढून मागितलं. वर्षभर घास उतरत नाही माझ्या घशाखाली. पोरीचं तर विचारूच नकोस. तू दार लावून बसलास, मग आम्ही हे सांगायचं कुणाला?’

वेतवाल्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. वर्षभर तो स्वतःलाच बोल लावत होता. त्याच मेजाशी आणखी दोघं बसली होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो उठला. वेत टबातच राहिले.

घरी मुलगी मेजापाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तीन खुर्च्या मोकळ्या, पण ती टेकली नव्हती. सुतारही खुर्चीच्या पाठीला हात लावून उभाच राहिला. अन्न निवत चाललं. वेतवाल्याने भिंतीवरची खुर्ची उतरवली, सदऱ्याच्या बाहीने धूळ पुसली आणि मेजाला लावली.

‘बस बाळा,’ तो म्हणाला. ‘वाळली आहे आता.’

मुलगी हमसून हमसून रडायला लागली, पण बसली. वेत एकदाच करकरला. सुतार बसला. वेतवाल्याने कोपऱ्यातली तिपाई ओढली आणि तिच्यावर बसला. दोघंही उठू लागली, त्याने हाताने खाली बसवलं.

तो प्रार्थना करायला लागला. प्रभू, आज आम्हा सगळ्यांना, एवढं म्हणाला आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. मुलीने वाट पाहिली, मग तीच आमेन म्हणाली.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा त्याच्या कमरेतून कळ निघाली. टेकायला मागे काही नव्हतं. हात आपोआप कमरेवर गेला. बायकोचा जायचा, अगदी तिथेच. तो तसाच बसून राहिला आणि सगळ्यांचं आटोपेपर्यंत उठला नाही.