मागच्या काचेचं रबर

मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. असले अनुभव लिहिणाऱ्यांना मी मनसोक्त हसलेय. आता हसू येत नाही, म्हणून लिहितेय...

आम्ही मयूर विहारला राहतो. मी, नवरा मकरंद, जो फरीदाबादला कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि पहिलीतली आमची सई. मध्यंतरी आम्ही एक जुनी गाडी घेतली. गाडी छान होती, फक्त मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून हवा यायची. वेग घेतला की बारीक शिट्टी वाजायची. मग नोव्हेंबर आला, दिल्लीत धूर भरला, सईला खोकला लागला आणि आमची नजर त्या कोपऱ्यावर गेली. इथे त्या दिवसांत लोक खिडक्यांच्या फटींना टेप लावतात, हवा साफ करायचं मशीन रात्रंदिवस चालू ठेवतात. आम्हीही त्यातलेच. गाडीतली फट बुजवायलाच हवी होती.

मेकॅनिककडे जाण्यात मकरंदला कमीपणा वाटतो. त्याने नवं रबर आणलं आणि एका रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागची काच काढली. जुनं रबर हातात घेऊन म्हणाला, "हे बघ गं. झिजलेलं नाहीये, कुणीतरी कापलंय."

खरंच, कोपऱ्यातला बोटभर तुकडा ब्लेडने काढल्यासारखा साफ गायब होता.

"टाकली असेल कुठली वायर-बियर," मी म्हटलं. जुनं रबर कचऱ्यात गेलं.

काच बसवायची पद्धत अशी — काचेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायचं. तशी रबराची कड आत येऊन पत्र्यावर बसते. मकरंद बाहेर, मी आत. धूर नको म्हणून दारं लावून मी मागच्या सीटवर गुडघे टेकून दोरी ओढत होते. शेवटचं टोक डाव्या कोपऱ्यातून निघालं आणि माझ्या कानांना दडे बसले. त्याच क्षणी, अगदी मानेजवळ, कुणीतरी श्वास आत घेतला. सोडला नाही... नुसता घेतला.

मी किंचाळलेच. मकरंदने धावत येऊन दार उघडलं. "काय झालं?"

"काही नाही यार, कान दुखला." खरं सांगायची लाज वाटली.

शिट्टी बंद झाली. पण सई मागे बसायचं म्हटलं की रडायला लागली. "आई, पीछे ना, माझी हवा कोणीतरी घेतो." डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ. मकरंदने एसी तपासून घेतला, बिल्कुल ठीक. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की पोरगी नाटकं करतेय.

मग तो दिवस. फरीदाबादहून परत येत होतो, टळटळीत दुपार, फ्लायओव्हरवर जाम. मी मागे सईजवळ बसून तिला पेरू कापून देत होते. ती बडबडत होती आणि बोलता बोलता थांबली. बघते तर तोंड उघडं, हात गळ्याशी, ओठ निळसर. मी काच खाली करायला गेले, होईना. दाराला चाइल्ड लॉक. "अरे, सईला बघ!" मी ओरडले. मकरंद उडी मारून उतरला, बाहेरून मागचं दार खेचायला लागला. दार हलेना. पुढचं दार सताड उघडं होतं, तरी मागे हवेचा कण नव्हता. माझीही छाती नुसती वरखाली होत होती. माझी लेक माझ्या मांडीवर मरतेय, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात मागची काच दिसली. डाव्या कोपऱ्यात वाफेचा एक गोल होता. मोठा होत होता, लहान होत होता... मोठा, लहान. रबराला तोंड लावून कुणी श्वास घेत असावं तसा. तिथे आमच्यापैकी कुणीच बसलेलं नव्हतं.

विचार-बिचार काही केला नाही. पेरूची सुरी त्या कोपऱ्यात रबरात खुपसली आणि ओढली. फट पडली. हवा आत आली नाही, आतून बाहेर गेली. माझ्या हातावरून, बर्फासारखी गार, लांबलचक. गोल पुसला गेला. सईने खच्चून श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. दार मकरंदच्या हातात आपोआप उघडलं.

सईला पुन्हा तसं कधी झालं नाही. दुसऱ्या दिवशी मकरंदने ती फट ब्लेडने नीट कापली. बोटभर, साफ. ते बघून मला जुनं रबर आठवलं.

गाडी विकायची ठरली. गाझियाबादचा एक तरुण बघायला आला, कडेवर छोटी मुलगी. गाडी त्याला आवडली. मागे जाऊन त्याने कोपऱ्यावर बोट फिरवलं. "बस ये रबड़ नया डलवा लेंगे जी, छोटा सा काम है."

मुलीने काचेला नाक लावलं होतं.

"नहीं बेचनी," मी म्हटलं आणि त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"क्यों, दीदी?" तो विचारत राहिला. काय सांगणार? मलाच ठाऊक नाही. मकरंदलाही नाही, आणि आमच्या आधी ज्याने ब्लेड चालवलं त्याला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे.

गाडी अजून खाली पार्किंगमध्ये उभी आहे. पावसात त्या फटीतून पाणी जातं, सीट कुजलीय. सोसायटीवाले टोकतात. मी रोज शाळेत जाताना आधी तो कोपरा बघते, कुणी भल्या मनाने टेप तर लावला नाही ना...