वावराचं ॲवरेज

गाडी जुनी झाली की तिच्यातून तेल गळायला लागतं आणि तिच्यावर किस्से साचायला लागतात. तेल निदान पुसता येतं. किस्से पुसता येत नाहीत, कारण ते आपल्याआधी पानठेल्यावर पोचलेले असतात! तेव्हा लोकांकडून तिखटमीठ लावलेले ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या पिकअपला घरात ‘वावर’ म्हणतात. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं वावर, म्हणजे शेत, गेलं, गावही सरकारनं दुसरीकडे हलवलं; त्या शेताच्या मोबदल्यात वडिलांनी ही गाडी घेतली. वडील गेले, पण आई अजूनही विचारते, “वावर आलं का रे घरी?” धरणाची मासळी, धानाची पोती, लग्नाचा मंडप, मिळेल ते भाडं मी मारतो. पण अलीकडे मी कमवायचो आणि वावर प्यायचं, डिझेल! माझी बायको सुनीता भंडाऱ्याला एका ऑफिसात नोकरीला आहे. तिच्या पगारातून टाकी भरायची वेळ आली, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, “इंजिन-गिअरबॉक्स बदलवून पाहा. ॲवरेज वाढलं तं ठेवू. नाई तं दिवाळीच्या आधी विकू.”

तिचं चुकत नव्हतं. पण विकायची पाळी आली तर आईला काय सांगायचं, या धास्तीनं माझी भूकच मेली. आईच्या कानावर यातलं काहीही घालायचं नाही, एवढं मात्र आम्ही दोघांनी ठरवलं.

*

कारध्याला देवा मिस्त्रीचं गॅरेज आहे. जुन्या, पण चांगल्या स्थितीतल्या एका छोट्या इंजिनाची आणि पाच गिअरच्या गिअरबॉक्सची जोडी त्यानं शोधून आणली. आईला मी ‘किरकोळ काम आहे’ म्हणून सांगितलं होतं. तर ती नेमकी त्याच दिवशी माझ्यासोबत आली! आणि पाहते तो काय, वावराचं इंजिन साखळीला लोंबकळतंय.

आईनं तोंडाला पदर लावला. देवा मात्र शांत. “मावशी, घाबरू नका. वावर तेच आहे, बैलं बदलवून राहिलो फक्त.”

आई लोंबकळत्या इंजिनाभोवती एक फेरी मारून म्हणाली, “बैल घेताना दात पायतेत. पायले काय?”

देवानं मुकाट्यानं नव्या गिअरबॉक्सचं झाकण उघडलं आणि बॅटरी मारून एकेक दाता तिला दाखवला. आईनं सगळे पाहिले. “चालते,” म्हणाली. तेव्हा कुठं मी पाणी प्यायलो.

*

इंजिन बसलं आणि गॅरेजातल्या कोणीतरी बॉनेटला लिंबू-मिरची बांधायला घेतली. आम्ही बौद्ध माणसं, आमच्याकडे हे चालत नाही. पण खरं सांगतो, माझी अवस्था अशी होती, की मी अडवलं नाही. लिंबानं ॲवरेज वाढत असेल तर वाढू दे!

आईनं पाहिलंच. “लिंबानं गाडी चालत असन, तं डिझेल कायले टाकता? सरबत टाका न!”

*

नव्या गिअरबॉक्सची एक गंमत होती. जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर जिथं पडायचा, तिथं आता रिव्हर्स पडायचा. देवानं हे मला चारदा बजावलं. मी चारदा ‘हो’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत गिअर टाकला, क्लच सोडला, आणि वावर सरळ मागं! शेजारच्या गजाननभाऊच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात अर्धी गाडी गडप.

उडी मारून मी ढिगामागं धावलो. नशीब, ढिगामागं कोणी नव्हतं. गजाननभाऊ दात घासत आला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, “काहून गा, पुढं जायले डिझेल जास्त लागते म्हणून मागं चालवून राहिला काय?”

तो दिवसभर हसला. मला मात्र त्या ढिगामागं रोज खेळणारी त्याची नात आठवत राहिली.

*

इंजिन बदलायची परवानगी मी रीतसर काढली होती, आरसीवर नवा नंबरही चढला होता. तरीही खाकी कपडा दिसला की मला घाम फुटायचा. एकदा अड्याळच्या अलीकडे एका हवालदारानं हात दाखवला. मी गाडी थांबवली, खाली उडी मारली आणि त्यानं तोंड उघडायच्या आत सुरू झालो, “साहेब, इंजिन बदललं, पण परवानगी घेऊन! गिअरबॉक्सचं बिल आहे! जुनं इंजिन भंगारात दिलं, त्याची पावती घरी आहे, आत्ता आणतो!”

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. “भाऊ, माही मोटरसायकल पंक्चर झाली. मले भंडाऱ्याले सोडून देता काय?”

भंडाऱ्यापर्यंत तो माझ्या शेजारी बसून होता. उतरताना म्हणाला, “तुमी बीपीची गोळी घेत जा.”

*

ॲवरेज काढायची देवाची पद्धत साधी. इंजिनाजवळ लिटरभर डिझेलची बाटली तारेनं बांधायची, नळी तिच्यात सोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत पळवायची. बंद पडली की किती किलोमीटर झाले ते गाडीच्या मीटरवर बघायचं.

आम्ही निघालो. गाडी पळतेय, पळतेय, थांबतच नाही! देवा गाणं म्हणायला लागला. आणि शेवटी वावर बंद पडलं ते वैनगंगेच्या पुलावर, बरोब्बर मधोमध. मागं ट्रॅक्टर, त्यामागं बस, सगळे हॉर्न बडवतायत. ट्रॅक्टरवाला ओरडला, “डिझेल संपलं काय?”

“हो, संपलं!” देवा दोन्ही हात वर करून असा ओरडला, जणू पोरगा दहावी पास झाला. मीटरप्रमाणे ॲवरेज जुन्याच्या जवळजवळ दीडपट होतं. लोक गाडी ढकलत होते, आणि मी स्टिअरिंग धरून रडत होतो.

सुनीतानं सगळं ऐकून घेतलं. “तुमचाच मिस्त्री, तुमचीच बाटली. टाकी फुल करा. मी सोता बसीन.”

*

रविवारी पवनीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. पुढं मी, सुनीता आणि ‘मलेबी येऊ द्या’ म्हणून बसलेली आई. मागं हौद्यात देवा. भंडाऱ्याला जाऊन परत यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरायची. रस्ता रुंद करण्याचं काम सुरू होतं, सगळीकडे धूळ. सुनीताची नजर रस्त्यावरच. रोज एसटीच्या खिडकीतून बघून या रस्त्याचा एकेक खड्डा तिला पाठ आहे.

परत पंपावर आलो. टाकी पुन्हा काठोकाठ भरली. सुनीतानं गाडीच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मोठ्यानं वाचला, मोबाईलवर भागाकार केला आणि पहिल्यांदा हसली. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात देवानं मला गाडीमागं ओढलं. आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरला होता. “भाऊ, घोळ झाला. गिअरबॉक्स नवा अन् मीटर जुनाच. दोघाईचा मेळ नाई बसून राहिला. मीटर जास्त पळून राहिला. ॲवरेज वाढलं, पण एवढं नाई. थोडंसंच.”

“थोडंसं म्हणजे?”

“वयनीले पटन एवढं नाई.”

सांगितलं तर वावर जातं, नाही सांगितलं तर बायकोला फसवतो. कसाबसा गाडीच्या दारापाशी आलो, तर आत आई मीटरकडे बोट दाखवून सुनीताला विचारत होती.

“काहून व सुनीता, भंडारा एवढं लांब कवा झालं? आपलं गाव सरकलं, ते सरकारनं सरकवलं. भंडाराबी सरकवलं काय?”

देवानं मान खाली घातली. सुनीतानं मीटरकडे पाहिलं. मग देवाकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ.

“रस्ता रुंद केला न, आई. वाढला असन,” ती म्हणाली, आणि मोबाईल पर्समध्ये टाकून पंपाचे पैसे द्यायला खाली उतरली.