गौरजाचं गाऱ्हाणं

सुलक्षणा सामंत देवगडकडच्या शाळाशाळांतून स्कूटरने फिरते आणि पोरांची अडलेली वाचा मोकळी करते. पदवी स्पीच थेरपिस्टची. लोक म्हणतात ‘जिभेची डॉक्टरीण’. चांगल्या घरच्या पोरांना ती आरशासमोर जीभ बाहेर काढायला लावते, म्हणून हेडमास्तर घाडीगुरुजींचा तिच्यावर कायमचा राग.

चौथीतली गौरजा बोलताना फार अडखळायची. चित्रांची कार्डं झाली, फुगे फुगवून झाले. पहिला शब्द काही घशातून हलेना. शेवटी सुलक्षणा म्हणाली, “गो, देवळात घालतत तसा गाऱ्हाणा घाल बघूया.”

ओळीओळीला वर्ग साथ देणार, म्हणजे पोरीला दम घ्यायला आयती सवड. आणि लयीत जीभ सहसा अडत नाही, हे बाईंना ठाऊक. गौरजाने फळ्याकडे तोंड करून हात जोडले आणि सुरू झाली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वर्ग गरजला.

“आमच्या शाळेर जी काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

एक अक्षर अडलं नाही. मात्र या आरोळ्यांनी झोपमोड झालेले घाडीगुरुजी तरातरा दारात आले. गाऱ्हाणं कानावर पडताच जन्माच्या सवयीने त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले.

पाठमोऱ्या गौरजाला याचा पत्ताच नाही. “आमचे गुरुजी जेवल्यार ऑफिसात घोरतत, त्यांका जाग येवंदे रे म्हाराजा!”

वर्गाची वाचा बसली. एकटे गुरुजी तेवढे खणखणीत आवाजात म्हणाले,

“व्हय म्हाराजा!”