अर्धा तास वजन, अर्धा तास दम

माणसाचं वजन तीन महिन्यांत चार किलो उतरलं तरी मी खूष असते. किस्से मात्र दर आठवड्याला वाढतात, आणि ते कुठल्याच व्यायामानं उतरत नाहीत!

मी रोह्याची, दिली पेणला. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी जिम आहे. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी रोह्याला एका हॉलमध्ये लागोपाठ दोन बॅच घेते. नियम दोन्हीकडे एकच. अर्धा तास वजन उचलायचं, अर्धा तास दम लागेल असं काहीतरी करायचं. बायकांना नुसती ट्रेडमिल हवी असते, पुरुषांना नुसते डंबेल्स. मी सगळ्यांना सांगते, "दोन्ही करा. चरबी जाईल आणि ताकद राहील." सगळे मान डोलावतात आणि आपापल्या आवडीच्या मशीनकडे जातात.

*

प्रणाली खाडीकडच्या गावातून येते. एकदा तिच्यासोबत तिच्या सासूबाई आल्या. सून रोज सकाळी नक्की जाते कुठं, ते बघायला. बाईंचं निम्मं आयुष्य मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहण्यात गेलेलं.

मी प्रणालीला वीस किलोचा केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, उचलायला शिकवत होते. "हे एकदम उचलायचं नाही हं. आधी पाय रोव. पाठ सरळ. पोट आत. आता श्वास सोडत..."

प्रणाली श्वासच सोडत होती. केटलबेल जागेवरच.

पाच मिनिटं हे चाललं. सासूबाईंना पंख्याखालच्या बाकावर बसायचं होतं आणि आमचा केटलबेल मधे येत होता. त्या वाकल्या, एका हातानं तो उचलला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"वाटंत कशाला ठेवलाय गो ह्याला? पायाला लागंल कुनाच्या!"

आणि पदरानं वारा घेत बाकावर बसल्या.

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस ना," मी म्हटलं, "पाठ सरळ होती."

*

खालच्या कारखान्यात अरुणदादा आहेत. ते मूर्तीचे डोळे रंगवतात. बाकीची कामं वाटून होतात. डोळे फक्त दादांनी करायचे. दिवसभर एका जागी बसून पोट सुटलं, त्यात शुगर निघाली. गेल्या वर्षी ऐन सीझनमध्ये, आषाढात, ते जिना चढून वर आले.

"दादा, विसर्जन झालं की या ना," मी म्हटलं.

"तवर मी ऱ्हायला तर पायजे!"

पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात दोन-दोन किलोचे डंबेल्स दिले. शेजारी एक काकू चार किलोचे उचलत होत्या. मी पाठ फिरवली तशी दादांनी सहाचे घेतले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कारखान्याचे मालक वर आले. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, चार गणपती डावीकडं बघतायत."

मी खाली गेले. बघत होते खरे! सोंड, हात, मुकुट, सगळं जिथल्या तिथं, फक्त नजर दरवाजाकडे. दादा एका हातानं दुसरा हात धरून बसले होते आणि दोन्ही हात थरथरत होते. मी आधी गणपतींना हात जोडले, मग मालकांना.

मालकांनी त्या चार मूर्ती मागच्या फळीवर सरकवल्या. दोन दिवसांनी मुंबईचं एक कुटुंब आलं. पुढच्या सगळ्या मूर्ती ओलांडून ते थेट त्या फळीपाशी गेले. "आम्ही दारातून शिरलो तेव्हापासून हा आमच्याकडेच बघतोय! हाच द्या." आठवड्याभरात चारही गेल्या.

दादा आता नियमित येतात. शुगर ताब्यात आहे, हात स्थिर आहे.

यंदा आषाढ लागला तसे मालक पुन्हा वर आले. जरा घुटमळले. मग म्हणाले, "मॅडम, दादांना एखाद दिवस थोडं जास्त वजन द्या ना."

*

रोह्याच्या बॅचमध्ये एक शिंदे होते. केमिकल कंपनीत ऑपरेटर. आयुष्य शिफ्टमध्ये गेलेलं, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, त्यामुळे माणूस शिस्तीचा. घाम पुसायचा टॉवेलसुद्धा घडी करून ठेवणार.

पहिल्या दिवशी त्यांचा वजनाचा अर्धा तास झाला आणि मी त्यांना ट्रेडमिलवर उभं केलं. "अर्धा तास चाला," म्हटलं आणि दुसऱ्या टोकाला बायकांना स्क्वॉट्स शिकवायला गेले. त्यात रमले. ती बॅच संपली, पुढचीही संपली, बायका गेल्या, मी मॅट गुंडाळायला लागले, तर मागून आवाज. टप टप टप.

शिंदे चालत होते! शर्ट ओलाचिंब, चेहरा लालबुंद.

"अहो, अर्धा तास सांगितला होता! दीड तास झाला. उतरला का नाही?"

त्यांनी चालता चालता हॉलच्या दाराकडे बघितलं.

"रिलीव्हर आला नाय, मॅडम."

*

वैशाली पेणला शाळेत शिकवते. ती रोज काट्यावर उभी राहायची आणि रोज माझ्याकडे रागानं बघायची. दोन महिन्यांत जेमतेम दीड किलो.

"अगं, स्नायू वाढतायत. काट्याकडे बघू नकोस, कपड्यांकडे बघ."

"काटा खोटं बोलत नाही, मॅडम."

एक दिवस तिनं सगळे ब्लाऊज टेलरकाकूंकडे नेले, दोन-दोन इंच आत घ्यायला. काकूंनी माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि हळू आवाजात विचारलं, "काय झालंय गो तुला? रिपोर्ट काय आला?"

झालं! संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या गल्लीत. दुसऱ्या दिवशी शेजारीण शहाळी घेऊन आली. गागोद्याहून मावशी आली, ती वैशालीला बघून रडलीच. एकानंही "बारीक झालीस" म्हटलं नाही. जो तो विचारतोय, "कधीपासून?" सासूबाईंनी तर तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "तू पड जरा. मी करते."

पंधरा दिवसांनी वैशाली काट्याकडे ढुंकूनही न बघता थेट वजनांकडे गेली.

"मॅडम, काटा हलला नाही तरी चालेल. हे असंच चालू ठेवा!"

*

रोह्याच्या बॅचला शालनकाकू यायच्या. वय अठ्ठावन्न. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "किती किलो कमी करायचं?"

"मला बारीक नाय व्हायचं," त्या म्हणाल्या. "मला जिना उतरता आला पायजे. ह्यांना घेऊन."

काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली. घर दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मुलगा परदेशी. काका आधी रोज संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठी बसायला जायचे. आता खिडकीत बसायचे, आणि खिडकीतून दिसायची समोरच्या बिल्डिंगची टाकी. शेजारच्या दोघांनी एकदा खुर्चीत बसवून खाली न्यायचं म्हटलं, तर काका इतके चिडले की दोन दिवस जेवले नाहीत. "मी काय सामान हाय?"

त्यांच्या फिजिओथेरपिस्टशी बोलून मी काकूंचा व्यायाम ठरवला. अर्धा तास खुर्चीतून उठबस आणि वाळूची पिशवी एका खांद्यावर घेऊन एकेक पायरी उतरणं. अर्धा तास नुसते जिने, कारण पहिल्या दिवशी दहा पायऱ्यांत त्यांना धाप लागली होती. पिशवी पाच किलोची होती, ती पंचवीसची झाली. काकूंचं स्वतःचं वजन नऊ किलो उतरलं. मी कौतुकानं सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं. पिशवी वाढवा."

एका शुक्रवारी काकू आल्याच नाहीत. आठ महिन्यांत पहिली दांडी. फोन लावला, उचलला नाही. बॅच लवकर सोडली आणि त्यांच्या घरी निघाले. वाटेत नदीकाठ लागतो.

तिथल्या बाकावर काका बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या हातात काठी, तोंड पाण्याकडे. शेजारी काकू. केस विस्कटलेले, ब्लाऊज घामानं पाठीला चिकटलेला, खांद्यावर काकांच्या बोटांचे लाल वळ.

"काका! खाली कसे आलात?"

काकांनी मान वळवली. शब्द जुळवायला त्यांना जरा वेळ लागतो.

"कसा म्हंजे? चालत. मी... मी आलो."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलापन तेच घेऊन आले."