हलक्या गाडीचा मुराळी

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाने माझ्याच सोफ्यावर चहा सांडला होता, आणि बायको अजून तो डाग मला दाखवते. फजिती माझी आहे, सोफाही माझाच आहे, तेव्हा जरा जपून.

तर माझी पद्मिनी. म्हणजे गाडी हो. बायकोचं नाव सुनीता आहे. पद्मिनी ही आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची गाडी. साय रंगाची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली, पुढे बाकासारखी एकसंध सीट. आबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. लोक अशा गाड्या पांघरूण घालून ठेवतात. मी रोज चालवतो. सकाळी सुनीताला शाळेत सोडतो, मग टपावर ठिबक सिंचनाचे पाईप बांधून दुकानात जातो, संध्याकाळी आईला इथल्या, जळगावच्या मेहरूण तलावाकाठी हवा खायला नेतो.

एवढ्यावर समाधान मानलं असतं तर हा किस्सा झालाच नसता. पण मला गाडीत सुधारणा करायचा नाद लागला. मोठा कार्बोरेटर बसवला, रुंद टायर चढवले, मोकळा सायलेन्सर लावला. तो आवाज काय सांगू? तलावाकाठी फिरायला येणारी मंडळी माझ्या आवाजावर घड्याळ लावायला लागली. आई म्हणाली, "तुना बाप गाडी चालाडे तवय कुत्रंबी जागं नही व्हये." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आणि मग धुळ्याच्या काही हौशी लोकांनी शहराबाहेरच्या एका जुन्या, ओस पडलेल्या धावपट्टीवर जुन्या गाड्यांची शर्यत ठेवली. दोन-दोन गाड्या सुटणार, टोकाला ठेवलेल्या ड्रमाला वळसा घालून परत येणार. दिवस कोणता? आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला. सकाळी अकरा वाजता.

आता आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सासरी गेलेली लेक माहेरी येणार म्हणजे येणार. तिला आणायला जातो तो मुराळी. माझी धाकटी बहीण रेखा धुळ्यालाच दिली आहे आणि तिचा मुराळी दरवर्षी मीच. म्हटलं, देवानेच जुळवून आणलंय. आधी शर्यत, मग रेखा, मग जळगाव.

एकच अडचण होती. मागच्या आखाजीला एरंडोलच्या अलीकडे गाडी बंद पडली होती आणि रेखाने कोरी साडी आणि हातभर मेंदी सावरत ती ढकलली होती. आम्ही घरी पोहोचायच्या आत ती बातमी आमच्या मेहरूणात पोहोचली. आई तेव्हापासून धुमसत होती. यंदा आखाजी जवळ येताच तिने मला समोर उभं केलं आणि शांतपणे सांगितलं, "औंदा मनी पोरले धक्का मारना पडना, ते गाडी भंगारमा जाई."

आई ओरडते तेव्हा काळजी नसते. शांतपणे बोलते तेव्हा म्हटलेलं करून दाखवते. आबांची गाडी भंगारात, ही कल्पनाच मला सहन होईना. त्या स्टिअरिंगवर आबांच्या हाताने झिजलेली जागा अजून दिसते.

पण शर्यतही सोडवेना. सगळे जाणकार सांगतात, गाडी पळवायची तर वजन कमी करा. मी कमी केलं. मागची सीट काढली. स्टेपनी, जॅक, टपावरचं कॅरिअर, पायपुसणी, रेडिओ, सगळं उतरवलं. जड बॅटरी काढून हलकीशी छोटी बसवली. डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावला तेवढ्यात आई आली.

"त्याले राहू दे. त्याचं वजन नसतं," आई म्हणाली. मग गाडीत डोकावून, "मांगली सीट कोठे शे?"

"फोम बदलायला दिलीय."

"आखो काय काढानं राहीनं?"

"आता काढण्यासारखं काही राहिलंच नाही," मी म्हणालो. फार रुबाबात म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर भल्या पहाटे निघालो. गाडी काय पळत होती म्हणता. पारोळा कधी मागे पडलं कळलं नाही. बेत असा होता की धुळ्यात शिरल्यावर देवपुरातून, रेखाच्या घरावरून, गपचूप पुढे सटकायचं. शर्यत आटोपली की परत फिरून तिला घ्यायचं. मुराळी म्हणून एकदा त्या घरात पाऊल टाकलं की जेवल्याशिवाय सुटका नाही, एवढी अक्कल मला होती.

अक्कल होती, पण सायलेन्सरही होता. मी चौकात वळायच्या आत रेखाने स्वयंपाकघरातून ओळखलं, "दादा आला." मी घरासमोर आलो तर अख्खं घर फाटकात उभं. रेखाच्या सासूबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांच्या हातात पाय धुवायला पाण्याचा तांब्या. आता तांब्या घेऊन उभ्या राहिलेल्या विहीणबाईंसमोरून गाडी पुढे दामटायची कशी, तुम्हीच सांगा. उतरलो.

"जेवाले बसा," अक्का म्हणाल्या.

"आत्ता नको अक्का. एक छोटं काम आहे. दुपारी येतो, मग बसतो."

अक्कांचा चेहरा पडला. मला वाटलं, ऐकलं यांनी. पण त्या आत गेल्या आणि रेखाचे सासरे नाना यांच्या कानाला लागल्या. नाना माझ्याजवळ येऊन बसले आणि खाकरले. "पाव्हना, मांगला सालनं मनमा धरेल शे का?"

मला काही उमगेना. मग रेखाने डोळ्यांनी खुणावलं आणि आठवलं. मागच्या वर्षी मी आमरसाची आणखी एक वाटी मागितली, तेव्हा पातेलं रिकामं झालं होतं. मी ते विसरून गेलो होतो. अक्का वर्षभर विसरल्या नव्हत्या. मुराळ्याने रस मागितला आणि आपल्या घरात नव्हता, ही गोष्ट त्यांना टोचत राहिली होती.

"नाही हो नाना, तसं काहीच नाही," मी म्हणालो.

"मंग जेवत का नही?"

आता शर्यतीचं सांगावं तर, बहिणीला न्यायला आलेला मुराळी आधी गाड्या पळवायला निघालाय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी गप्प राहिलो. मी गप्प, म्हणजे मी रुसलेलो. मी जितकं "नको" म्हणत होतो, तितके आत आंबे जास्त पिळले जात होते. शेवटी अक्कांच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि मी पाटावर बसलो.

खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या. रुमालाएवढ्या नव्हेत, उपरण्याएवढ्या. रसाची वाटी अर्धी झाली की अक्का भरायच्या. यंदा परातभर रस काढून ठेवला होता, वर्षभराची भरपाई. एक वाटी अक्कांसाठी, एक नानांसाठी, एक रुसवा गेला हे पटवण्यासाठी, आणि खरं सांगतो, पुढच्या दोन माझ्या स्वतःच्या इच्छेने. रेखा वाढायला वाकली तेव्हा तिच्या कानात शर्यतीचं सांगितलं. तिचे डोळे चमकले. "मी पण येते," ती कुजबुजली.

"जरासं आडवं व्हा," नाना म्हणाले. बाजेवर, कूलरच्या समोर. मी म्हटलं, पाचच मिनिटं. वैशाखात, पोटात तेवढा रस घेऊन, कूलरसमोर पाच मिनिटं पडणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

रेखाने हलवून उठवलं तेव्हा शर्यतीची वेळ डोक्यावर आली होती. धावत बाहेर आलो, पाहतो तर गाडी मागून जमिनीला टेकलेली.

झालं होतं असं, की नानांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि मागची मोकळी जागा पाहून ते भारावले. "पाव्हना मोठा समजदार शे," ते अक्कांना म्हणाले, "सामाननी जागा करीसनच उना." आणि त्यांनी ती जागा भरली. दादर ज्वारीचं पोतं, आंब्यांचे क्रेट, लोणच्याची बरणी, कुरडया-पापडांचे डबे. वर बॉनेटला हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. आखाजीची मातीची घागर रेखाच्या मांडीवर. मी हाताने एक एक किलो उतरवलेली गाडी, तिचा टेम्पो झाला होता.

उतरवायला वेळ नव्हता. उतरवून अक्कांना परत रडवायची हिंमतही नव्हती. तसेच निघालो.

धावपट्टीवर माझ्या जोडीला कोण? धुळ्याचे एक वकीलसाहेब. लांबलचक काळी गाडी, हातात पांढरे मोजे. त्यांनी माझा झेंडूचा हार पाहिला, पोतं पाहिलं, रेखाच्या मांडीवरची घागर पाहिली आणि फार आदराने विचारलं, "भाऊ, वरात मागून येतेय का?" माईकवरचा माणूस तेवढाही सभ्य नव्हता. "जळगावकर, बाजार समिती डाव्या हाताला," तो म्हणाला, आणि सगळी धावपट्टी हसली.

झेंडी पडली. वकीलसाहेब सुटले. मी जोरात क्लच सोडला. ओझ्याने मागे बसलेल्या गाडीने नाक वर केलं, एक हिसका दिला आणि बंद पडली. चावी फिरवली. टिक. परत फिरवली. टिक. हलकीशी छोटी बॅटरी संपली होती.

रेखाने घागर बाजूला ठेवली आणि दाराच्या खिट्टीला हात घातला. "थांब दादा, मी धक्का मारते."

"उतरू नकोस," मी असा ओरडलो की माईकवाला गप्प झाला. मला समोर आई दिसत होती, शांतपणे बोलणारी. "तू इकडे सरक. स्टिअरिंग धर. दुसऱ्या गिअरला टाक, मी सांगितलं की क्लच सोड."

पुढची सीट एकसंध, रेखा पटकन सरकली. मी मागे गेलो आणि डिकीला हात लावले. मित्रांनो, भरलेला टेम्पो भरलेल्या पोटाने ढकलून पाहा एकदा. पाच वाट्या रस घशाशी येऊन परत जात होता. गाडी हलली, थोडी पळाली, मी ओरडलो "सोड!", आणि ती भडाडून सुरू झाली.

मला वाटलं, आता ती थांबेल. ती थांबली नाही.

रेखाला गाडी आबांनी शिकवली होती, केळीच्या बागेतल्या बांधावरून, जिथे चाक चुकलं तर सरळ पाटात. हे मी साफ विसरलो होतो. मी "थांब, थांब" करत गाडीमागे धावत होतो आणि माईकवाला सांगत होता, "जळगावची गाडी निघाली आहे, चालक मागून येत आहेत."

तिकडे वकीलसाहेबांची लांब गाडी ड्रमाजवळ अडकली होती. पुढे, मागे, परत पुढे. रेखा आली, एका हाताने घागर धरली, दुसऱ्या हाताने एका फेरीत ड्रमाला वळसा घातला आणि परत फिरली. मी तेव्हा कुठे अर्ध्या धावपट्टीवर पोहोचलो होतो. ती माझ्या शेजारून गेली. हॉर्न वाजवून गेली. मी पुन्हा उलटा फिरून धावायला लागलो.

जिंकली ती. नियमाने बक्षीस मिळालं नाही, कारण चालक म्हणून नाव माझं आणि मी गाडीच्या बाहेर. पण वेळ मोजणारा गृहस्थ माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मागच्या रविवारी तुम्ही चाचणी दिली होती ना, रिकाम्या गाडीने? त्यापेक्षा या ताई लवकर आल्या. धक्क्याचा वेळ धरून." त्या रविवारी ड्रमाला वळताना मी गाडी बंद पाडली होती, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच.

"थांबली का नाहीस?" मी धापा टाकत विचारलं.

"थांबले असते तर परत बंद पडली असती," रेखा म्हणाली. "मग परत कोणाला तरी ढकलावी लागली असती."

बाकीच्या जोड्यांच्या शर्यती बघून उशिराच निघालो. परतीला गाडी तिनेच चालवली. मी शेजारी, घागर माझ्या मांडीवर. एरंडोल आलं आणि गेलं, गाडी कुठे कुरकुरली नाही. आबा चालवायचे तशी चालली होती. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ऊन उतरलं होतं, गाडीभर आंब्यांचा वास होता, आणि रेखा लहानपणी गुणगुणायची तशी गुणगुणत होती. तलावाकाठची मंडळी थांबून बघत राहिली. आवाज माझा, पण चालवतंय कोण?

आई फाटकात उभी होती. तिने आधी रेखाचे हात हातात घेतले आणि उलटे-पालटे करून पाहिले. मेंदी जशीच्या तशी. मग माझे पाहिले. काळेकुट्ट.

"धक्का कोन मारा?"

"दादाने," रेखा म्हणाली, आणि मग सगळं सांगत सुटली. मागची सीट, बॅटरी, रस, पोतं, ड्रम, काही म्हणता काही तिने ठेवलं नाही. मी बॉनेटला हात लावून उभा होतो. शब्दाप्रमाणे गाडी वाचली होती, रेखाने धक्का मारला नव्हता, पण फोमचं खोटं आता उघडं पडलं होतं. आई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मग तिने डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले आणि झेंडूचा हार सरळ केला. म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात ती वळली आणि माझ्या पोटाकडे बघत शांतपणे म्हणाली,

"वजन कमी कराले समदं काढी टाकं रे भाऊ. पन तू ते गाडीमाच बसेल व्हता."