जब्बारचाचांचा मोठा कॅमेरा

फोटोला बसलेल्या माणसाला जब्बारचाचा आधी उठवायचे. माणूस नीट भांग पाडून, कॉलर सारखी करून, श्वास छातीत धरून खुर्चीवर बसलेला असायचा. चाचा कॅमेऱ्यातून एकदा बघायचे आणि म्हणायचे, “उठा बरं भाऊ.” माणूस गोंधळून उठायचा. “आता बसा.” तो बसतो न बसतो तोच खटक, फोटो झालेला. “पयल्यांदा मानूस कॅमेऱ्यासाठी बसते,” चाचा सांगायचे, “दुसऱ्यांदा सोतासाठी बसते. आपल्याले दुसरा पायजे.” राजापेठेतले ट्यूशनवाले सर असोत की बाळापूरहून आलेला धान्याचा व्यापारी, या उठबशीतून कोणाची सुटका नव्हती. आजूबाजूचे दुकानदार त्यांना मागून रिंगमास्तर म्हणायचे. मीही म्हणायची, पण हळू आवाजात.

मी शोभा, माळ्याची पोर. माझे वडील अमरावतीतल्या लग्नांना हार आणि फुलं पुरवायचे, आणि मी टोपली घेऊन थेट नवरीच्या खोलीपर्यंत जायची. तिथं पुरुष फोटोग्राफरला मज्जाव, विशेषतः मुसलमानांच्या लग्नात. चाचा दाराबाहेर ताटकळत उभे असायचे. एका लग्नात त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, “गजाननभाऊ, हे पोरगी माह्यासंग कामाले द्या. हिचा हात हालत नाई.” वडील म्हणाले, “न्या बापा, घरात तोंड हालते तिचं तेवढं सांभाळा.” अशी मी राजापेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत आले.

पहिल्या दिवशी चाचांनी मला काही शिकवलं नाही. कपाटातून मोठा कॅमेरा काढला, वरचा मऊ कपडा बाजूला केला आणि तो माझ्या दोन्ही हातांत ठेवला. जर्मनीचा. अकोल्याच्या एका हौशी वकिलाकडून त्यांच्या उस्तादांनी घेतलेला, उस्तादांकडून चाचांकडे आलेला. अख्ख्या अमरावतीत तसा दुसरा नव्हता, असं चाचा म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे, पण लोक मानायचे. “वजन पाय,” चाचा म्हणाले. “याच्यात झूट मावत नाई.” हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता. आता मी ते कोणाला सांगत नाही.

मग डिजिटल आलं. एका मोठ्या परदेशी कंपनीचा टाय लावलेला पोरगा स्टुडिओत येऊन काचेवर तीन-चार कॅमेरे मांडायचा, पटापट फोटो काढून पडद्यावर दाखवायचा. चाचा त्याला चहा पाजायचे आणि हाकलून द्यायचे. “हे लोक टीव्ही बनवतेत, फ्रीज बनवतेत, त्यातच कॅमेराबी बनवतेत. आपली जर्मनीची कंपनी फकत कॅमेरा बनवते. तिले कोन हरवते?”

“म्हणून तर हरेल, चाचा,” मी म्हणायची. “यांचा कॅमेरा बुडाला तर यांच्याकडे फ्रीज आहे. तिच्याकडे काय आहे?”

“तू माळ्याची पोर. तुले कंपनीतलं काय समजते?”

“फुलांतलं समजतं ना. नुसता मोगरा लावणाऱ्याचं काय होतं ते बघितलंय आमच्या घरानं.”

चाचा हसायचे. पण चहाचा कप धुताना त्यांचं तोंड उतरलेलं असायचं, हे मला दिसायचं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस धड पडत नव्हता. लग्नं सकाळी लागून संध्याकाळी उरकायची. आमच्याकडचे अल्बम पातळ झाले आणि गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून द्यायचं काम वाढलं. ते काम घेताना चाचा मान वर करत नसत. त्यातच रोल धुणारी लॅब बंद पडली. अमरावतीत दुसरी चांगली नव्हती. रोल नागपूरला पाठवायचा, यायला पंधरवडा लागायचा, आणि लोकांना आता फोटो दुसऱ्या दिवशी हवा होता. शेवटी चाचांनी एक लहानसा डिजिटल आणला आणि माझ्या हातात दिला. स्वतः त्याला हात लावला नाही.

बाळापूरच्या एका लग्नात आम्ही फक्त तो डिजिटल घेऊन गेलो, तर मुलाचा काका मांडवाच्या दारातच बोलला, “काय चाचा, मोठा कॅमेरा कुठं हाय? आमी त्याच्यासाठी तं तुमाले सांगतलं.” चाचांचा चेहरा पडला. पुढच्या लग्नाला त्यांनी मोठा कॅमेरा गळ्यात अडकवला. आत रोल नव्हता. “आजच्या दिवस,” ते मला म्हणाले. मी डिजिटल पिशवीतून बाहेर काढला.

तो आजचा दिवस मग संपलाच नाही. आमची रीतच पडली. चाचा पुढं, मोठा कॅमेरा डोळ्याला लावून. मी त्यांच्या कोपराजवळ, लहान डिजिटल छातीशी धरून. त्यांनी बटण दाबलं की मी दाबायची. माझ्या कॅमेऱ्याचा आवाज मी बंद करून ठेवला होता, म्हणजे मांडवात ऐकू यायची ती फक्त त्यांची खटक. लोक खूश. अल्बम बघून म्हणायचे, “पाहा, शेवटी जर्मनीचा माल.” चाचा तेव्हा खाली बघून चपलेचा अंगठा सारखा करत बसायचे. मला वाटायचं, चालायचंच, कोणाचं काय नुकसान होतंय? फोटो तर मिळतोय.

तेल्हाऱ्याचं लग्न त्यानंतरचं. मुलीचे वडील सुधाकरभाऊ तिथल्या बाजार समितीत मापारी होते, म्हणजे आलेला माल काट्यावर तोलणारे. बायको कधीच गेलेली, वैशाली एकुलती एक. सासर अमरावतीचं. सुधाकरभाऊ स्वतः राजापेठेत येऊन सांगून गेले होते, “एकच पोरगी हाय. मोठ्या कॅमेऱ्यावालाच पायजे.” बायको नाही म्हणून कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. सुधाकरभाऊ दिवसभर धावत होते. कधी पंगतीत वरण वाढताना, कधी वऱ्हाडाच्या गाडीत पाण्याचा ड्रम चढवताना. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, या अल्बममध्ये हा माणूस कुठंच येणार नाही.

निरोपाच्या वेळी आमचं सामान गाडीत गेलं होतं, डिजिटलही त्यातच. चाचांच्या गळ्यात मोठा कॅमेरा तेवढा राहिला होता. सुधाकरभाऊ त्यांच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “चाचा, माहा न् पोरीचा एक काढा. दोघाईचाच. मोठ्या कॅमेऱ्यानं.” आणि मांडवाच्या मागं, कनातीच्या आडोशाला वैशालीला घेऊन गेले. मी जवळच उभी होते, मला सगळं दिसत होतं. मला वाटलं, चाचा आता काहीतरी कारण सांगतील, मला गाडीकडे पिटाळतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

वैशालीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो माणूस रडायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. दिवसभर ज्याला कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं, तो उभ्या उभ्या खचला होता. आणि चाचांच्या तोंडून, सवयीनं म्हणा, घाबरून म्हणा, शब्द गेले, “भाऊ, डोये पुसा. फोटोत पानी चमकते. हासा जरासेक.” सुधाकरभाऊंनी लगेच उपरण्यानं डोळे पुसले. दात घट्ट आवळून हसले. खटक. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, बायकांनी वैशालीला ओढून नेलं, आणि बापलेकीची भेट तिथंच संपली.

परतीच्या वाटेवर चाचा खिडकीबाहेर बघत होते. अकोला मागं पडलं तरी मोठा कॅमेरा त्यांच्या गळ्यातच होता.

सुधाकरभाऊ त्याच वर्षी गेले. सकाळी काट्याजवळ बसले ते उठले नाहीत. काही दिवसांनी वैशाली स्टुडिओत आली. तिनं अल्बम पुन्हा पुन्हा पाहिला होता. बाप कुठंच नव्हता. एका फोटोत बादली धरलेला हात होता आणि तो त्यांचा असावा असं तिला वाटत होतं. “तो मागचा फोटो पायजे होता चाचा. आमा दोघाईचा. तो अल्बममंदी आलाच नाई.”

“तो रोल नागपूरले हाय बेटा,” चाचा म्हणाले. माझ्या हातातली कात्री खाली पडली.

ती पुन्हा आली. चाचांनी पुन्हा नागपूर सांगितलं. ती गेल्यावर मी भांडले. “सांगून टाका ना. ती रोज आस लावून बसलीय.”

“कोन्या तोंडानं सांगू?” चाचा म्हणाले. “तिच्या बापानं मले माहा चेहरा पाहून नाई बलावलं, हा डबा पाहून बलावलं होतं.” त्यांना लाज होती, आणि लाजेपायी ते आणखी लाजिरवाणं बोलत होते. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. आवाज बंद केलेला डिजिटल माझ्याच हातात होता, त्यामुळे फार बोलण्याचं तोंड मलाही नव्हतं.

त्यानंतर ती आली तेव्हा दुपार होती, स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. चाचांनी तिला बसवलं. या वेळी उठवलं नाही. कपाटातून मोठा कॅमेरा काढला आणि तिच्यासमोर त्याचं झाकण उघडलं.

“रिकामा हाय बेटा. त्या दिवशीबी रिकामाच होता. नागपूरले काईच गेलं नाई.”

वैशाली त्या काळ्या पोकळीत बघत राहिली. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबाले मालूम होतं?”

“नाई.”

तिनं बोट घालून ती पोकळी चाचपली. मग साध्या आवाजात म्हणाली, “मंग तुमी त्याईले डोये पुसाले काहून लावले?”

चाचा कॅमेऱ्याचं झाकण लावायला लागले.

“माय गेली तवाबी बाबा माह्यासमोर रडला नवता. कधीच रडला नवता. त्या दिवशी रडून राहिला होता तं तुमी म्हटलं हासा. फोटो खराब होईन म्हनून बिचारा हासला. कायच्यासाठी हासला चाचा तो?”

चाचांनी हात जोडले. तिनं ते पाहिलं की नाही मला ठाऊक नाही. पिशवी उचलली, “येतो,” म्हणाली, आणि गेली. पुन्हा आली नाही. राजापेठेत कधी समोर दिसली की चाचा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, ते शेवटपर्यंत.

मोठा कॅमेरा त्या दिवशी कपाटात गेला. पुढच्या लग्नात कोणी विचारलं, “आज मोठा आणला नाई?” तर चाचा सगळ्यांसमोर म्हणाले, “तो रिकामा राहे भाऊ.” लोक गंमत समजून हसले. चाचा हसले नाहीत. ज्यांना गंमत वाटली नाही त्यांनी आम्हाला बोलावणं बंद केलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चाचांनी लहान डिजिटल हातात घेतला. फोटोला बसलेल्या माणसाला उठवणंही त्यांनी सोडलं. जसा बसेल तसा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “मी कोन बेटा, कोनाले उठ न् बस सांगाले?”

पुढं एकदा त्यांनी उर्दू पेपरात वाचलं की त्यांच्या जर्मन कंपनीनं दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर आपलं नाव लावून तो बाजारात आणलाय. मला वाटलं खूश होतील. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. “आतमंदी दुसऱ्याचा, वरून आपलं नाव. मी तं हेच करत होतो ना शोभा?” ती कंपनी टिकली म्हणतात. हौशी श्रीमंत लोक तिचा कॅमेरा गळ्यात मिरवायला घेतात असंही ऐकते. चाचा असते तर त्यांना याचा आनंद झाला असता की आणखी लाज वाटली असती, मला सांगता येणार नाही.

चाचांच्या धाकट्या मुलीचं, शबानाचं लग्न अकोल्याला झालं. फोटोंचं काम माझ्याकडे होतं. रुखसतीच्या, म्हणजे मुलीच्या पाठवणीच्या वेळी शबाना त्यांच्या गळ्यात पडली आणि चाचांची दाढी थरथरायला लागली. मी कॅमेरा उचलला होता, पण बटणावर बोट नेलं नाही. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, डोळे नीट कोरडे केले, मुलीला शेजारी उभं केलं.

“चाचा, राहू द्या,” मी म्हटलं. “रडून घ्या. फोटो नंतर काढू.”

“नाई. काढ.” आणि ते हसले. दात घट्ट आवळून, हुबेहूब त्या मापाऱ्यासारखे. “सुधाकरभाऊबी हासले होते. मले रडाचा हक नाई.”

मी बटण दाबलं. चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओ मी चालवते. तो फोटो माझ्या काउंटरमागे लावलेला आहे. गिऱ्हाईकं बघतात आणि म्हणतात, “पोरीच्या लग्नात किती खूश हायेत ना चाचा.” मी हो म्हणते आणि त्यांना बसायला खुर्ची पुढं करते.