बारा पायऱ्या

पुण्याच्या भावाला हे मी कधी बोलले नाही, बोलणारही नाही. तुला सांगते. पण हळहळू नकोस, आणि समजूतही काढू नकोस.

दिल्लीत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मुनिरकात तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलने आठवड्यात सोडलं, पण जिना चढण्याइतकी ताकद येईपर्यंत त्यांना गुडगावच्या एका केंद्रात ठेवलं. नर्स, व्यायाम, वेळेवर जेवण — तक्रारीला जागा नव्हती.

ब्याऐंशी वर्षांचे बाबा, पण जिद्द बघ! पाचव्या आठवड्यात एका शनिवारी माझ्यादेखत बारा पायऱ्या चढले. एक हात कठड्यावर, बस. वरून म्हणाले, "सोमवारी घरी. पिठलं कर."

व्यायाम घेणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "अंकलजी बिल्कुल तैयार हैं, ले जाइए."

मी त्यांना सांगितलं, घरी रंगकाम चाललंय, आणखी दोन आठवडे ठेवा, अंकलना मीच सांगते. रंगकाम कसलं? पण ते सोड — तसलं खोटं ऑफिसात रोज बोलते. बाबांना जे म्हटलं, ते...

"डॉक्टर नाही म्हणतायत, बाबा."

"अगं, पण मी चढलो ना? तू बघितलंस."

"चढलात कुठे? बाईंनी मागून पट्टा धरला होता. तुम्हाला कळलं नाही."

तोल गेला तर धरायला बांधतात तो पट्टा कमरेला होता खरा. धरला कुणीच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा जिन्याकडे फिरकले नाहीत. बाईंनी किती समजावलं! पण बाबांचं एकच — "आप बस मेरा मन रख रही हैं."

का केलं? थकले होते म्हणू? म्हटलं तर तू लगेच माफ करशील, म्हणून म्हणत नाही. मला घर एकटीचं हवं होतं. दोन आठवडे दार उघडं टाकून अंघोळ केली, वाटेल तेव्हा जेवले, रविवारी चारपर्यंत लोळले. मजा आली. आली, तर आली!

मग चौघांनी बाबांना खुर्चीत बसवून वर आणलं. त्यानंतर सव्वा वर्ष जगले — खाली एकदाही उतरले नाहीत. भाऊ अजून म्हणतो, "ताई, तू होतीस म्हणून." मी त्याला थांबवत नाही.

भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगायचे, "पायांनी दगा दिला हो." मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायचे. एकदा तरी तोंड उघडलं असतं — नाही उघडलं.

पायांना दोष देतच ते गेले. त्यांच्या पायांत काही खोट नव्हती.